पेट्रोलच्या काट्याची कैफियत

जुन्या मोटारीच्या डॅशबोर्डावर जेवढे काटे असतात, त्यांपैकी वेगाचा काटा बिघडला तर फार तर पोलिसाशी हुज्जत घालावी लागते, उष्णतेचा बिघडला तर बॉनेटमधून निघणारी वाफ आपणहून वर्दी देते, आणि विजेच्या काट्याकडे तर कित्येक मालकांनी उभ्या आयुष्यात एकदाही निरखून पाहिलेले नसते; परंतु पेट्रोलचा काटा ज्या दिवशी खोटी साक्ष देतो, त्या दिवशी ती गोष्ट मालकाच्या लक्षात येते ती नेमकी अशा ठिकाणी, की जेथून मागचा पंपही दूर आणि पुढचाही दूर. बरे, गाडी बंद पडण्याआधीची लक्षणेही फसवी असतात. चढावर इंजिन दोन आचके देते, चालक चोक ओढून पाहतो, प्लगांवर संशय घेतो, पेट्रोल ओढणाऱ्या एसी पंपाला दूषणे देतो, आणि काटा पाव टाकी दाखवीत असल्यामुळे मूळ कारण मात्र सर्वांत शेवटी सुचते. तोवर अंधार झालेला असतो.

अशा गाड्या आता फारशा उरल्या नाहीत, हे खरे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली फियाट, जी पुढे पद्मिनी या नावाने घरोघरी ठाऊक झाली, तिने मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने दोन-तीन पिढ्या वाहिल्या. तिच्यातील शेवटच्या टॅक्सीची नोंदणी २००३ च्या ऑक्टोबरात झाली होती, आणि वीस वर्षांची मुदत भरताच २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून उठली. बंगालातील उत्तरपाड्याच्या ॲम्बेसेडरचे उत्पादन २०१४ सालीच थांबले होते. तरीही पुण्याच्या डेक्कनवर, कोल्हापूरच्या ताराबाई पार्कात, नाशिकच्या एखाद्या बंगल्याच्या पोर्चमध्ये ताडपत्रीखाली झाकलेल्या या गाड्या दर रविवारी बाहेर निघतात, आणि त्यांच्या मालकांच्या गप्पा ऐकाव्यात तर इंजिनाविषयी अभिमान, रंगाविषयी आग्रह आणि पेट्रोलच्या काट्याविषयी एकमुखाने तक्रार! मूळ अवस्थेत जपलेल्या पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली निराळ्या नोंदणीचे नियम केले आणि क्रमांकाच्या पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे लावण्याची मान्यता दिली. मूळ अवस्था जपण्याच्या भरात काट्याची मूळ अवस्थाही जपली जाते, म्हणजे तो बिघडलेलाच राहतो.

वस्तुतः मोटारीला हा काटा असावा ही अपेक्षाच मागाहूनची आहे. १९०८ ते १९२७ या काळात निघालेल्या फोर्डच्या ‘टी’ मॉडेलची टाकी बहुतेक वेळा पुढच्या बैठकीखाली असे, आणि पेट्रोल किती उरले ते पाहण्यासाठी उतारूंना उठवून, गादी उचलून, टाकीत लाकडी पट्टी बुडवावी लागे. पेट्रोल केवळ उताराने इंजिनाकडे वाहत असल्यामुळे टाकीत ते कमी असता उभ्या चढावर गाडी उलटी, म्हणजे रिव्हर्समध्ये, चढवण्याचीही वहिवाट होती. जर्मनीच्या फोक्सवॅगन बीटललाही १९६० च्या दशकाच्या आरंभापर्यंत बहुतेक काळ काटा नव्हता. इंजिन अडखळले की चालकाने पायाने एक खटका फिरवावा आणि राखीव साठ्यावर पंप गाठावा, एवढीच तजवीज. आपल्याकडे बजाजच्या चेतकवर वाढलेल्या पिढीला हे सांगायला नको. स्कूटर ‘रिझर्व्हला लागली’ म्हणजे किती उरले हे तिला आकड्याने कधीच कळले नाही, पण पुरते किती हे पक्के ठाऊक होते. आणि रिझर्व्हही संपले तर स्कूटर डाव्या अंगावर आडवी करून उरलेसुरले दोन घोट कार्ब्युरेटरकडे वळवण्याची विद्या तिने कोणत्याही शाळेत न जाता हस्तगत केली होती.

काट्याने ही सारी सावधगिरी मोडीत काढली, आणि तिच्या जागी इतबार आणून बसवला. हा इतबार कशावर उभा आहे ते एकदा नीट पाहण्यासारखे आहे, कारण काटा पेट्रोल मोजतो ही समजूतच मुळात चुकीची आहे. टाकीच्या आत एका तारेच्या दांड्याला पोकळ पितळी डबीचा किंवा बुचाचा फ्लोट लावलेला असतो. पेट्रोलच्या पृष्ठभागाबरोबर तो वरखाली होतो, दांडा आपल्या खुंटीभोवती फिरतो, आणि दांड्याच्या दुसऱ्या टोकाची छोटीशी जीभ एका पट्टीवर गुंडाळलेल्या बारीक तारेच्या वेटोळ्यावरून सरकते. वीज या तारेतून कमी-अधिक लांबीचा प्रवास करून गाडीच्या धडाला, मेकॅनिकच्या भाषेत ‘अर्थ’ला, मिळते, आणि त्या प्रवाहाचे जे कमी-अधिक प्रमाण डॅशबोर्डापर्यंत पोचते तेवढ्यावरून काटा आपले विधान करतो. म्हणजे पेट्रोलापासून काट्यापर्यंत बातमी पोचताना तिला फ्लोट, दांडा, जीभ, तार, अर्थ आणि मीटर इतक्यांच्या हातून जावे लागते. यांतील एकानेही कुचराई केली की शेवटचा मजकूर बदलतो, आणि दोष मात्र काट्याला लागतो.

त्यातून काटा ‘अर्धी’ म्हणतो तेव्हा टाकीत निम्मे पेट्रोल असते असेही नाही. नाना पेठेतील एका बोळातल्या गॅरेजात, आपली सत्तरच्या दशकातील फियाट घेऊन बसलेल्या एका निवृत्त पाटबंधारे अभियंत्याने हा मुद्दा मला आपल्या खात्याच्या उदाहरणाने समजावला. कोयनेचा साठा १०५.२५ टीएमसी, पण धरणाची पातळी निम्म्यावर आली म्हणजे पाणी निम्मे उरले असे कोणी अभियंता म्हणणार नाही, कारण दरी तळाशी अरुंद आणि वर पसरट. म्हणून पातळी फुटांत मोजायची आणि साठा तक्त्यावरून वाचायचा. गाडीच्या टाकीचे तेच. तळ निमुळता असेल तर काट्याचा वरचा चतुर्थांश दिवसेंदिवस पुरतो आणि खालचा डोळ्यांदेखत आटतो. शिवाय तोंडापर्यंत भरलेल्या टाकीत फ्लोट आधीच वर टेकलेला असल्यामुळे पहिले काही लिटर जळेपर्यंत काटा जागचा हलत नाही, आणि मालक आपल्या गाडीच्या ॲव्हरेजवर खूश होऊन चारचौघांत मोठे आकडे सांगत सुटतो. “फरक इतकाच,” अभियंता म्हणाले, “की धरणाचा तक्ता खात्याने केलेला असतो. गाडीचा ज्याचा त्याने करायचा.”

त्यांच्या गाडीचे दुखणे मात्र तक्त्याने बरे होण्यातले नव्हते. टाकी निम्म्याहून जास्त भरलेली असताना काटा तळाशी लोळत होता. मिस्त्री साठीकडे झुकलेले, बोलण्यात कंजूष. त्यांनी बॅटरीची वायर काढली, डिकीतली चटई उचलली, टाकीवरचे झाकण उघडून युनिटची, म्हणजे फ्लोट, दांडा आणि तार यांच्या जोडणीची, वायर हातात घेतली आणि म्हणाले, “आधी अर्थ बघू, साहेब. निम्म्या गाड्या अर्थावरच येतात.” युनिटच्या स्क्रूभोवती गंज चढला की वीज धडापर्यंत नीट पोचत नाही, वाटेतला रोध वाढतो, आणि ज्या मीटरांत जास्त रोध म्हणजे रिकामी टाकी असा संकेत असतो ते मीटर भरल्या टाकीलाही रिकामी म्हणू लागतात. मिस्त्रींनी गंज घासला, एक वेगळी वायर युनिटपासून थेट धडाला टेकवली, बॅटरी जोडून चावी फिरवायला सांगितली, काटा ढिम्म. मग युनिटची वायर सोडवून, टाकीपासून दूर नेऊन, ती क्षणभर धडाला लावली, तेव्हा काटा झपाट्याने ‘भरलेली’च्या खुणेकडे निघाला. एवढ्याने मीटर आणि मधली वायर निर्दोष ठरली, आणि आरोप टाकीतल्या युनिटवर स्थिर झाला. (काही फार जुन्या मीटरांत हा संकेत नेमका उलटा असतो, तेथे वायर सुटली की काटा भरलेली दाखवतो, म्हणून आपल्या गाडीचा मीटर कोणत्या पंथाचा हे ठाऊक नसता ही परीक्षा करू नये, आणि ठाऊक असले तरी वायर फार वेळ टेकवून ठेवू नये, मीटर जळतो.)

बॅटरी पुन्हा सोडवून युनिट बाहेर काढताना पेट्रोलचा उग्र वास बोळभर पसरला, तसे मिस्त्रींनी समोरच्या चहावाल्याला स्टोव्ह लांब न्यायला सांगितले आणि पोराच्या हातातली जळती उदबत्ती डोळ्यांनीच विझवली. मग पितळी फ्लोट कानाशी धरून हलवला. आत पेट्रोल डुचमळत होते. बुडालेला फ्लोट वर येणार कसा! त्यांनी चहावाल्याकडून उकळत्या पाण्याचे पातेले मागवले आणि फ्लोट त्यात बुडवून धरला, तोच जोडाच्या कडेने बुडबुड्यांची बारीक माळ सुरू झाली. छिद्र असे की डोळ्यांना दिसेना, बुडबुड्यांनीच ते दाखवले. तेथे खिळ्याने खूण करून, आतले पेट्रोल पूर्णपणे उडून जाईपर्यंत पाणी दोनदा बदलून, फ्लोट उन्हात वाळवून, मगच त्यांनी डाख दिला. आत वाफ उरली असता तापलेली कावी लावणे म्हणजे हातात फटाका पेटवणे, हे सांगायला त्यांनी आपल्या अंगठ्यावरचा जुना व्रण दाखवला. डाख लावून झाल्यावर कानशीने फाजील कथील उतरवले, कारण फ्लोट जड झाला तर तो पेट्रोलात अधिक बुडतो आणि काटा कायमचा थोडा कमी दाखवतो. या कामाची मजुरी त्यांनी इतकी थोडी सांगितली की अभियंत्यांनीच ती वाढवून दिली.

युनिट हातात असताना मिस्त्रींनी तारेचे वेटोळेही उजेडात धरून दाखवले. एका टोकाला ते नव्यासारखे, आणि रिकामीकडच्या चतुर्थांशात पार झिजून चकचकीत. “साहेब कधी टाकी फुल करत नाहीत,” ते हसून म्हणाले. ही गोष्ट मला फार बोलकी वाटली. मध्यमवर्गीय मनुष्य पगाराकडे पाहत शंभर-दोनशेचे पेट्रोल भरीत आला, त्यामुळे गाडीची सारी हयात टाकीच्या तळच्या पाव भागात गेली. जीभ तेवढ्याच तारेवरून वर्षानुवर्षे पुढेमागे झाली, आणि ज्या पट्ट्यात काट्याचा भरवसा सर्वांत निकडीचा, नेमका तोच पट्टा झिजून बेभरवशाचा झाला. अशा झिजलेल्या जागी जीभ आली की काटा एकाएकी पडतो, खड्डा लागताच पुन्हा उठतो, आणि मालक त्याला ‘झुलणारा’ म्हणतो.

झुलणारा काटा आणि नेमाने चुकणारा काटा यांत मी स्वतः मोठा भेद करतो, आणि मालकांनीही तो करावा असे मला वाटते. जो काटा नेहमीच पाव टाकी जास्त दाखवतो, किंवा जो रिकामीच्या खुणेवर टेकल्यानंतरही दर वेळी तेवढेच अंतर गाडी नेतो, त्याची चूक ही एक प्रकारची माहितीच आहे. ती एकदा हिशेबात धरली की अशा काट्याबरोबर आयुष्य सुखाने कंठता येते. जो आज एक आणि उद्या दुसरे सांगतो त्याला मात्र दुरुस्त करावे, आणि ते होईपर्यंत त्याच्याकडे पाहूच नये. घाटात होणारी चलबिचल यात धरू नये. मागच्या टाकीतले पेट्रोल खंडाळ्याच्या किंवा खंबाटकीच्या चढावर एका बाजूला कलते, फ्लोट टाकीच्या कोणत्या अंगाला बसवला आहे त्याप्रमाणे काटा वर किंवा खाली जातो, आणि सपाटीवर येताच शुद्धीवर येतो. हा त्याचा दोष नव्हे, भूगोलाचा होय.

आणखी एक प्रकार असा आहे की त्यात टाकीचा काडीमात्र संबंध नसतो. इंग्रजी घडणीच्या पुष्कळ मोटारींत १९६० च्या दशकापासून उष्णतेने वाकणाऱ्या दुहेरी पट्टीचे मीटर आले. चावी फिरवल्यावर यांचा काटा सावकाश चढतो, खाचखळग्यांनी थरथरत नाही, आणि दिसायला मोठा भारदस्त वाटतो. पण त्यांना दहा व्होल्टची ठरावीक वीज लागते, ती पुरवायला डॅशबोर्डामागे एक छोटी डबी बसवलेली असते, आणि त्या डबीचा अर्थ सुटला की बॅटरीची सगळी वीज थेट मीटरात शिरते. तेव्हा टाकी एकाएकी समृद्ध दिसू लागते आणि त्याच वेळी इंजिन तापल्याचेही दिसते. दोन काटे एकाच दिवशी एकाच दिशेला बहकले की टाकी उघडण्यापूर्वी ही डबी पाहावी. हा साधा विवेक न केल्यामुळे विनाकारण रेडिएटर बदललेल्या गाड्या मिस्त्रींच्या पाहण्यात आहेत.

आता पंपाकडे वळू. काटा बिघडला की मालकाचा पहिला संशय पंपावर जातो, आणि या संशयाला आधार नाही असे म्हणता येणार नाही. २०१७ साली ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने राज्यातील कित्येक पंपांवर छापे घालून मापात हातचलाखी करणाऱ्या चिपा उघडकीस आणल्या, हे वाचकांना आठवत असेल. तरीपण बिघडलेल्या काट्याच्या जोरावर पंपवाल्याशी भांडणे म्हणजे ज्याची स्वतःची विश्वासार्हता शाबीत नाही असा साक्षीदार उभा करणे होय. प्रत्येक पंपावर वैधमापन शास्त्र यंत्रणेने प्रमाणित केलेले पाच लिटरचे माप ठेवणे बंधनकारक आहे, आणि कोणाही ग्राहकाला ते मागून आपल्यासमोर भरून घेता येते. पाच लिटरांत २५ मिलिलिटरपर्यंतची तूट चालते, त्यापुढे तक्रार. हे माप मागणारा ग्राहक विरळा. याउलट पंपवाला स्वतः जमिनीखालच्या टाकीच्या बाबतीत किती सावध असतो पाहा. रोज सकाळी तो पितळी डिप रॉड टाकीत उतरवतो, टोकाला पाणी शोधणारी पेस्ट लावून तिचा रंग पालटला का ते बघतो, ओल्या खुणेचा सेंटिमीटर वाचतो, तक्त्यावरून लिटर काढतो, घनता मोजतो आणि सारे रजिस्टरात उतरवतो. साऱ्या गावाला काट्याच्या भरवशावर पेट्रोल विकणारा हा गृहस्थ आपला साठा मात्र काठीने मोजतो!

काठी अचूक असली म्हणजे मनुष्य चुकत नाही असे अर्थात नाही. १९८३ च्या जुलैत एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ विमानाचे इंधनाचे मीटर बंद होते, म्हणून टाक्यांखालच्या मोजपट्ट्यांनी इंधन मोजले गेले; मोजणी ठीक झाली, पण लिटरांचे वजन काढताना किलोग्रॅमच्या जागी पौंडांचा गुणक वापरला गेला, लागणाऱ्या इंधनाच्या निम्म्याहूनही कमी साठा घेऊन विमान उडाले, आणि ४१ हजार फुटांवर असता इंधन संपू लागून दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिकाने ते विमान तरंगत नेऊन गिमली येथील जुन्या हवाईतळाच्या धावपट्टीवर उतरवले आणि सर्व उतारू बचावले. आपल्या घाटात असा तळ मिळण्याचा संभव कमी.

म्हणून नाना पेठेतल्या अभियंत्यांनी दोन दाखले ठेवण्याचा शिरस्ता पाडला आहे. फ्लोट दुरुस्त झाल्यावर त्यांनी टाकी रिकामी करवून घेतली, प्रमाणित मापाने पाच-पाच लिटर ओतून, प्रत्येक वेळी काटा स्थिरावेपर्यंत थांबून, त्याची जागा एका पुठ्ठ्यावर टिपली, आणि तो पुठ्ठा हातमोज्यांच्या कप्प्यात चिकटवला. दुसरा दाखला किलोमीटरचा: टाकी फुल ते टाकी फुल किती अंतर पडले याची वही. तिच्यातही खोट राहते. टायर झिजले की त्यांचा घेर कमी होतो, तेवढ्याच रस्त्यात त्यांचे फेरे जास्त होतात, आणि मीटर न चाललेले किलोमीटर जमा करतो. शिवाय पेट्रोलही पूर्वीचे राहिलेले नाही. देशात इथेनॉलच्या मिश्रणाचे सरासरी प्रमाण २०२२ च्या मध्यास दहा टक्के झाले आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर गेले; इथेनॉलची उष्णताशक्ती पेट्रोलाच्या सुमारे दोन तृतीयांश, त्यामुळे तेवढ्याच लिटरांत गाडी थोडी कमी चालते आणि जुन्या वहीतला आकडा आता जसाच्या तसा धरता येत नाही. बुचाच्या फ्लोटावर तर याहून मोठे संकट आहे. त्यावर पूर्वी लाखेचे रोगण देत. लाख पेट्रोलाला दाद देत नाही, पण अल्कोहोलात विरघळते, रोगण गेले की बूच इंधन शोषते, आणि पन्नास वर्षे तरंगलेला फ्लोट एका मोसमात तळ गाठतो. बुचाचा फ्लोट असलेल्या मालकांनी तो पावसाळ्यापूर्वीच बदलून घ्यावा, कारण इथेनॉल ओलही ओढून घेते आणि मग टाकीच्या तळाशी गंजाचा चिखल साचतो.

बदलायचा तर नवा कोठून आणायचा, हा प्रश्न उरतोच. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, मुंबईच्या चोरबाजारात, किंवा बुधवारी आणि रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात युनिटे मिळतात. पण टॅक्सीतून निघालेल्या युनिटांना मिस्त्री हात लावत नाहीत, कारण त्या गाड्या शेवटची वर्षे सीएनजीवर चालल्या, टाकीत घोटभर पेट्रोल नुसते पडून राहिले, आणि जिभा डिंकासारख्या थराने जागच्या जागी चिकटल्या. मग कोणी दुसऱ्याच कंपनीचे युनिट ठाकठोक करून बसवतो. येथे खरा गोंधळ होतो, कारण अमेरिकन जनरल मोटर्सच्या पद्धतीत रिकाम्या टाकीला शून्य ओहम आणि भरलेलीला नव्वद, तर इंग्रजी स्मिथ्सच्या मीटरांत रिकामीला सुमारे दोनशे चाळीस आणि भरलेलीला तीसच्या आसपास. एकाचे युनिट दुसऱ्याच्या मीटरला जोडले की काटा उलट्या पावलांनी चालू लागतो.

सांगलीकडच्या एका डॉक्टरांची अशीच एक गाडी मिस्त्रींनी पाहिली होती. टाकी भरली की काटा खाली, आटत जाईल तसतसा वर. डॉक्टरांना त्याचे काही वाटत नसे, काटा नेमाने उलटा चालतो, एवढे त्यांना पुरे होते, आणि दुरुस्तीचा विषय काढला की ते म्हणत, “राहू दे, मला पाठ झालाय.” चिरंजीव सुट्टीला आले तेव्हा मात्र चढत्या काट्याकडे पाहत निर्धास्तपणे मिरजेच्या पुढे गेले आणि रात्री ट्रॅक्टरच्या मागे दोर बांधून घरी परतले. पुढे गाडी विकायची वेळ आली, तेव्हा सौदेपत्रावर इंजिन क्रमांक आणि चासी क्रमांक यांच्याखाली डॉक्टरांनी स्वहस्ते एक कलम घातले: ‘पेट्रोलचा काटा उलट्या क्रमाने चालतो, ही गोष्ट खरेदीदारास समक्ष दाखवून दिली असून त्याबाबत पुढे कोणतीही तक्रार चालणार नाही.’ खरेदीदाराने कलम वाचले, काट्याकडे एकदा पाहिले, किमतीत पाचशे रुपये कमी करून घेतले आणि सही केली.